दसऱ्यानंतरचे धुरकट फोटो

मोताळ्याच्या एका दुकानदाराने मला फसवलं. कॅमेऱ्याच्या किमतीत नाही. किमतीत मला फसवणारा अजून या जिल्ह्यात जन्माला यायचा आहे. त्याने मला वीस दिवसांत फसवलं, आणि त्याच वीस दिवसांत माझी वहिनी गेली. या गोष्टीला तेरा वर्षं झाली. अर्धी गोष्ट मला तेव्हाच ठाऊक होती. उरलेली अर्धी गेल्या आठवड्यात कळली, म्हणून लिहायला बसलो.

सोयाबीनची सोंगणी आटोपत आली आहे. शेतात जागोजागी कापलेल्या पिकाच्या सुड्या उभ्या आहेत आणि गावाच्या चारही बाजूंनी थ्रेशरची घरघर ऐकू येते. यंत्राच्या एका तोंडातून दाणा पडतो, दुसऱ्यातून कुटार उडतं. कुटाराची ती बारीक पिवळी धूळ दिवसभर हवेत तरंगते, पापण्यांवर बसते, चहाच्या कपात उतरते. सूर्य कलला की तिच्यातून ऊन येतं आणि समोरचं माणूस ओळखू येतं, पण त्याच्या कडा पुसलेल्या दिसतात. दरवर्षी हे असं दिसायला लागलं की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, बाबांना सुगी मानवत नाही. सुगी मला चांगली मानवते. माझं पोट सुगीवर आहे. मला मानवत नाही ते कडा पुसलेलं माणूस.

मी खेडोपाडी फिरून माल घेणारा माणूस. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो आणि आई त्याआधीच गेली होती. थोरल्या भावाचं नुकतंच लग्न झालेलं. त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या वहिनीने, मला वाढवलं. पुढे भाऊही लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि घरात तिचं म्हणावं असं मीच उरलो. सायकलला पोतं बांधून मी मिरची विकत घ्यायला लागलो तेव्हा पोत्याचं तोंड कसं बांधायचं हे तिनेच शिकवलं. सुतळीचे दोन वेढे, एक उलटा पीळ, आणि शेपूट आत दाबायचं. ती म्हणाली होती, "भाऊजी, गाठ अशी मारा का दुसऱ्यानं सोडली तर तुमाले समजलं पाहिजे." आजतागायत माझ्या प्रत्येक पोत्यावर तीच गाठ असते. वाटेत कुणी पोतं सोडून माल बदलला तर गाठ पाहून मी लांबूनच सांगतो. त्यावरून चार-दोन भांडणं झाली आहेत आणि त्या सगळ्यांत मी बरोबर निघालो.

कॅमेरा घेतला तो मालासाठी. दाण्याचा फोटो मिलवाल्याला पाठवला तर फेरा वाचतो, असा माझा हिशेब. खिशात मावणारा, चंदेरी, पेन्सिल सेलवर चालणारा डिजिटल कॅमेरा होता. दुकानात मी तीन वेळा उठलो आणि तीन वेळा परत बसलो. शेवटी त्याने मेमरी कार्ड फुकट दिलं, नाडीची काळी पिशवी फुकट दिली, आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, आता अंगातला सदरा तेवढा राह्यला. तो बी काढून देऊ काय?" मी म्हणालो, "मापाचा असता तर नेला असता." दोघं हसलो. त्या हसण्याचीही मला आता चीड येते.

दसऱ्याला आठ-नऊ दिवस होते. त्या दिवसांत मी दाण्यांचे फोटो काढले, ताटलीत ओतलेले, तळहातावर घेतलेले. एकेक दाणा सुटा दिसायचा, त्यावरचा काळा डोळासुद्धा. माझी मुलगी मुक्ता तेव्हा सहा वर्षांची, तिचे काढले. अंगणातल्या झेंडूचे काढले. वहिनी ओट्यावर बसून हे पाहत होती. त्या पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं होतं. बुलढाण्याच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. पण बायकांना असं काही सांगावं लागत नाही.

"सोयाबीनचे फोटू काढून राह्यले," ती म्हणाली. "माणसाचे नाही निघत का त्याच्यातून?"

"निघतात की. बस अशी, काढतो."

"आज नाही. पूजा नाही झाली त्याची. दसऱ्याले पूजा होऊ द्या, मंग रास पडली का राशीजवळ काढा. भितीवर लावाले होईन एखांदा."

भिंतीवर लावायला. हे ती अशा आवाजात म्हणाली, जसं कुणी म्हणावं की मीठ संपलंय, आणा. तिचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नात फोटोवाला नव्हता, आणि पुढे कुणाला सुचलं नाही. एक मतदान ओळखपत्रावरचा होता, त्यात ती चोर पकडल्यासारखी दिसते. तिला तिचा एक फोटो हवा होता. आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एवढीच वस्तू.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. ज्यावर घर चालतं ते सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं. विळे, कुऱ्हाड, तराजू, मापं. कुंकू कुठेही लावून चालत नाही. अवजार जिथे काम करतं तिथे लावायचं. विळ्याला पात्यावर, तराजूला दांडीच्या मधोमध. वहिनी याबाबतीत फार काटेकोर होती. त्या वर्षी पाटावर तराजूशेजारी कॅमेराही होता. तिने आधी निरांजनाच्या वाती तेलात भिजवल्या, मग त्याच बोटाने हळदकुंकू घेतलं आणि एकेक करत कॅमेऱ्यापाशी आली. तो बंद, नुसता डबीसारखा.

"याचं तोंड कुठी हाय, भाऊजी?"

मी बटण दाबलं. बारीक आवाज करून भिंगाची नळी बाहेर आली, पुढचा पडदा उघडला. ती थोडी मागे सरली आणि हसली. म्हणाली, "डोळा हाय व याले." आणि त्या डोळ्यावर तिने हळदीचं बोट टेकवलं, त्यावर कुंकवाचं. अक्षता वाहिल्या, हात जोडले. संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर मी उपरण्याच्या टोकाने तो ठिपका पुसला. लाल गेलं, पिवळं गेलं. काच मला स्वच्छ दिसली.

हे सगळं मी आत्ता लिहितो आहे इतकं सरळ तेव्हा मला दिसत नव्हतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की चार दिवसांनी रास पडली, वहिनी जरीच्या काठाचं हिरवं लुगडं नेसून राशीपाशी बसली, मी फोटो काढला आणि त्यात धुकं आलं.

धुकं म्हणजे कसं, ते सांगतो. रास होती, वहिनी होती, पण दोघांवर कुणीतरी दुधाचा हात फिरवल्यासारखं. ऊन जिथे पडलं होतं तिथे पांढरा गोळा. लुगड्याचा हिरवा रंग पिवळसर. डोळे कुठे आणि कपाळ कुठे ते अंदाजाने ओळखायचं. मी दुसरा काढला, तिसरा काढला. वाटलं, कुटाराची धूळ आहे. थ्रेशर बंद करायला लावला, धूळ बसेपर्यंत थांबलो, परत काढला. तेच. सेल बदलले. यादीतलं एकेक इंग्रजी नाव दाबून पाहिलं. फुलाचं चित्र, डोंगराचं चित्र, पळत्या माणसाचं चित्र, सगळी लावून पाहिली. फ्लॅश लावला तर उडती धूळ चमकली आणि तिच्याभोवती गोल गोल पांढरे ठिपके आले. तिने कॅमेरा हातात घेऊन पाहिलं.

"हे काय, माह्या भवताल चांदण्या काऊन?"

"बिघडलाय."

"मले आत्ताच वर पाठोता का?"

मजूर हसले. मी नाही हसलो. रोज सकाळी मी कॅमेऱ्याची मागची काच, ज्यात फोटो दिसतो ती, उपरण्याने घासून पुसत होतो. पुढच्या डोळ्याकडे एकदाही पाहिलं नाही. दाताखाली दाणा फोडून त्यात ओल किती ते सांगणारा माणूस मी. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढणारा. फोटो धुरकट दिसला तर मी दिसणाऱ्या जागेला दोष दिला, पाहणाऱ्या जागेला नाही.

लोक विचारतील, स्टुडिओवाल्याला का नाही बोलावलं? बोलावता आलं असतं. पण मला राग आला होता, आणि राग आला की मला दुसरा रस्ता दिसत नाही. याच कॅमेऱ्याने काढीन आणि त्याच्याकडून दुरुस्त करून घेऊनच काढीन, असा मी हट्ट धरला. हा माझा दोष. तो मी कुणाच्या गळ्यात घालत नाही.

कॅमेरा दुकानात नेला. नेण्याआधी सेल काढून घेतले, कार्ड काढून घेतलं. माझ्या वस्तू दुसऱ्याच्या फडताळात मी कशाला ठेवीन? पिशवीत कॅमेरा घातला, नाडी ओढली आणि सवयीने गाठ मारली. दोन वेढे, उलटा पीळ, शेपूट आत.

"आठ दिवस चांगला चालला आन् नंतर बिघडला," मी म्हणालो. "म्हणजे आतून कच्चा माल दिला तुम्ही."

"भाऊ, हात हालत असन तुमचा."

"या हातानं पोती उचलतो मी. हालत नाही तो."

"बरं, चिडू नका. कंपनीत पाठोतो. पंधरा-वीस दिवस लागतीन."

त्याने पिशवी घेतली आणि मागच्या फळीवर ठेवली. ती फळी मला अजून दिसते.

त्यानंतरचे दिवस मी नीट सांगू शकत नाही, कारण ते सगळे एकमेकांत मिसळले आहेत. कापूस वेचणीला आला होता. घरात दिवाळीचं दळण चालू होतं. वहिनी ओट्यावर बसायची, मग खाटेवर बसायची, मग खाटेवर पडायची. लुगडं तिने घडी करून उशाशी ठेवलं होतं, हिरवंच. मी माल घेऊन परतलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"आला का तो?"

"कंपनीत गेलाय, वहिनी. येईल."

"कंपनी कुठी असते?"

"लांब आहे. मुंबईकडे."

"मंग येऊ द्या निवांत. मी कुठी जाऊन राह्यली."

मोताळ्याच्या बाजाराला मी दर आठवड्याला जायचो. प्रत्येक वेळी दुकानात विचारलं. प्रत्येक वेळी तो म्हणाला, कंपनीकडून यायचाय. एकदा त्याच्या अंगावर धावून गेलो, शेजारच्यांनी धरलं. त्याने तेव्हाही मान वर करून तेच सांगितलं. मी घरी येऊन तेच तिला सांगितलं.

ती दिवाळीच्या आत गेली, भर दुपारी. मुक्ता तिच्या पायाशी बसून रांगोळीचे रंग वेगळे करत होती. हिरवं लुगडं तिला नेसवलं.

तेरवीला ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणावा लागला. त्याला हार घातला. लोक पाया पडत होते आणि मी दुसरीकडे पाहत होतो. तेरवीनंतर दुकानदाराने निरोप धाडला, कॅमेरा आलाय. मी गेलो. त्याने एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि म्हणाला, "कंपनीनं पाह्यलं. काहीच दोष नाही, भाऊ. हातच हालतो तुमचा." मी भांडलो नाही. माझ्यात भांडणही शिल्लक नव्हतं. घरी येऊन ती प्लास्टिकची पिशवी, आत न पाहता, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात टाकली. कार्ड तिच्याच शेजारी एका डबीत ठेवलं. तेरा वर्षं.

तेरा वर्षं मी म्हणत आलो की त्याने मला सदोष कॅमेरा विकला. ज्याला त्याला सांगितलं. साखरखेर्ड्याच्या बाजारात सांगितलं, हिवरा आश्रमाच्या यात्रेत भेटलेल्या पाहुण्यांना सांगितलं. त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही.

आणि गेल्या आठवड्यात मुक्ता कॉलेजातून सुट्टीला आली. म्हणाली, "बाबा, आपल्याकडे तो जुना डिजिटल कॅमेरा होता ना? आता त्याची फॅशन परत आलीय. मुली शोधत फिरतात." मी म्हणालो, खराब आहे तो. ती म्हणाली, बघू तर द्या. तिने कपाट उघडलं, प्लास्टिकची पिशवी काढली, आतून काळी पिशवी काढली आणि नाडी सोडायला लागली.

"ही सुटत नाही. कात्री द्या."

मी पाहिलं. दोन वेढे, उलटा पीळ, शेपूट आत.

मी तिच्या हातातून पिशवी ओढून घेतली. ती दचकली. खिडकीपाशी उजेडात नेली. ती गाठ माझीच होती. नाडीवर जिथे पीळ पडला होता तिथे तेव्हाची मळकी रेघ तशीच होती, एक सूतभरही हललेली नव्हती. ही गाठ दुसऱ्याने सोडली असती तर मला समजलं असतं. कुणीही सोडली नव्हती. कॅमेरा कंपनीत गेला नव्हता. दुकानातसुद्धा पिशवीबाहेर निघाला नव्हता. ते सगळे दिवस तो त्या फळीवर पडून होता.

मी गाठ तशीच ठेवली आणि खालची शिवण उसवून कॅमेरा काढला. मुक्ताने नवे सेल घातले, कार्ड घातलं. ती एकेक फोटो पुढे सरकवत होती. दाणे, झेंडू, तिचा स्वतःचा दात पडलेला चेहरा.

"बाबा, इथपर्यंत तर एकदम चांगले आहेत," ती म्हणाली. "आणि हा बघा, यापुढचे सगळे खराब. या दोघांच्या मध्ये काय झालं?"

हा प्रश्न तेरा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. शेवटचा चांगला फोटो पूजेच्या पाटाचा होता. विळे, तराजू, ताट, आणि ताटावर वाकलेला एक हात. फक्त हात, मनगटापर्यंत. दोन हिरव्या बांगड्या, बोटांच्या पेरांना भेगा, आणि तर्जनीचं टोक हळदीने माखलेलं. तो फोटो काढून मीच कॅमेरा पाटावर ठेवला होता.

मी काही बोलायच्या आत मुक्ताने चष्म्याचं पांढरं फडकं घेतलं, भिंगावर वाफ सोडली आणि गोल फिरवून पुसलं. "किती चिकट झालंय," ती म्हणाली. फडक्यावर एक फिकट पिवळा, तेलकट डाग आला होता. तिने खिडकीबाहेरचा कडुनिंब टिपला. पान न् पान सुटं दिसलं.

फडकं मी तिच्याकडून मागून घेतलं. अजून माझ्या खिशात आहे.

बायको म्हणते, असं समजा की प्रत्येक फोटोवर वहिनींचं बोट आहे. ते धुकं म्हणजे त्यांचाच हात. ऐकायला बरं वाटतं. पण मी सौदे करणारा माणूस आहे. समोरचा वाईट मालावर चांगलं नाव चिकटवून देतो तेव्हा मला लगेच कळतं. तिला धुकं नको होतं. तिला भिंतीवर लावण्याजोगा चेहरा हवा होता. बोटाचा ठसा घेऊन मी गप्प बसावं, हा सौदा मला मान्य नाही. तसे चाळीसेक फोटो आहेत आणि काच कितीही पुसली तरी त्यातला एकही आता साफ होणार नाही. तिच्या सगळ्यात स्पष्ट फोटोत तिचा फक्त हात आहे. तो मोठा करून घेतला आहे. ओळखपत्रावरचा उतरवून तिथे तो लावला. पाहुणे विचारतात, हा कुणाचा हात?

आता हिशेब. हळदीचं बोट आमच्या घरचं. बटण दाबून डोळा उघडून देणारा मी. उपरण्याने अर्धवट पुसणारा मी. दुकानदारा, तू मला सदोष कॅमेरा विकला नव्हतास. तेरा वर्षं मी ते गावोगाव सांगत आलो, तेवढं मी चारचौघांत मागे घेतो. मान खाली घालून घेतो. पण भिंगं आणि काचा विकणं हा तुझा धंदा होता. पिशवी उघडून एकदा त्या काचेवर फुंकर मारली असतीस, तर तुझ्या गल्ल्यापाशी, माझ्यासमोर, चहा संपायच्या आत काम झालं असतं. त्या संध्याकाळी ती हिरवं लुगडं नेसून राशीपाशी बसली असती. तेव्हा तिला बसता येत होतं.

मला कॅमेरा बदलून नको. माफी नको. येत्या बाजाराच्या दिवशी मी ही पिशवी आणि भिंतीवरचा तो हाताचा फोटो घेऊन तुझ्या दुकानात येणार आहे आणि गाठ तशीच तुझ्यासमोर ठेवणार आहे. या वेळी अंगावर धावून येणार नाही. ती रोज विचारत होती आणि मी रोज सांगत होतो, कंपनीत गेलाय. तिच्याशी मी जन्मात खोटं बोललो नव्हतो. तिच्या शेवटच्या दिवसांत बोललो, आणि ते खोटं तुझं होतं. कॅमेरा कुठे होता, ते आता तू तिच्या हाताच्या फोटोसमोर उभा राहून सांग.